तिसरी बैठक

सुचित्राबाईंनी आयुष्यात एकशे सदतीस बायकांच्या जटा सोडवल्या होत्या आणि त्यातली एकही जबरदस्तीनं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. पुण्यात शाळेत विज्ञान शिकवता शिकवता सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून गावोगाव जायचं, पिशवीत कात्री, आणि डोक्यावर देवीची म्हणून जट वागवणाऱ्या बायकांशी बोलत बसायचं. केसांचा गुंता झाला की त्याला देवीचं बोलावणं म्हणायचं, मग त्या बाईनं ना धड न्हायचं ना धड निजायचं, मान मोडली तरी कात्री लावायची नाही. काहींना तर पोरवयातच देवीला वाहून टाकलेलं. अशा बायकांसाठी सुचित्राबाईंनी शिव्या खाल्ल्या, एका गावात दगडही खाल्ला. काम खरंच मोठं होतं. ते कुणी नाकारू नये. या गोष्टीत तर मुळीच नाकारू नये, कारण सगळी गोची तिथंच आहे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. तीन बैठका. पहिल्या बैठकीत केसांचं नावसुद्धा काढायचं नाही, चहा प्यायचा, लेकराबाळांची चौकशी करायची. दुसऱ्या बैठकीत बाईलाच बोलतं करायचं, मान दुखते का, उवा होतात का, लोक काय म्हणतात. आणि तिसऱ्या बैठकीला, बाई निम्मीशिम्मी वळली की तिची भीती आपल्या अंगावर घ्यायची. "देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे" असं म्हणायचं आणि कात्री काढायची. कापलेली जट बाईनं स्वतःच्या हातानं चुलीत टाकायची, हा शेवटचा नियम. दुसऱ्यानं टाकली तर भीती मागं राहते, आपण टाकली की जाते. त्यांच्या संघटनेतला रवींद्र नेहमी म्हणायचा, ताई, तुमच्यासमोर धोंडा आणून बसवला तरी तिसऱ्या बैठकीला तो हो म्हणेल. ताई हसायच्या. आवडायचं त्यांना ते.

तर अशा या सुचित्राबाई ऑक्टोबरात दोन महिन्यांसाठी सिंगापूरला लेकीकडे आल्या. लेक उल्का बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. राहते मात्र पार चोआ चू कांगला, अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नात गार्गी नऊ वर्षांची, तिसरीत. आणि जावई फेमी नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या लॅबमध्ये काम करताना उभ्याउभ्या कोसळला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्यानं.

फेमी नायजेरियाचा, योरुबा घरातला. उल्कानं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण सुचित्राबाई खंबीर उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत, व्यासपीठावरून सांगत सुटल्या की माझा जावई आफ्रिकन आहे. त्यांच्या पुरोगामीपणाला त्यानं चार चांद लागले, हेही खरं, आणि जावयावर त्यांचा जीव होता, हेही खरं. तो त्यांना 'आई' म्हणायचा, त्यांच्या हातची भाकरी पाच-पाच खायचा. माणूसच तसा होता, घर भरून टाकणारा.

गार्गीचे केस बापावर गेलेले. दाट, घट्ट कुरळे, बोटात धरले तर स्प्रिंगसारखे परत जाणारे. उल्कानं सुरुवातीला आपल्याकडच्यासारखं खोबरेल थापून फणीनं विंचरायचा प्रयत्न केला, आणि पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायची, केस तुटून मूठभर फणीत यायचे. मग फेमीनं ते काम आपल्याकडे घेतलं. गार्गी तीन वर्षांची झाली तेव्हा त्यानं तिच्या केसांचे बारीक बारीक भाग पाडून ते वळले. दर रविवारी पोरीला पुढ्यात घेऊन बसायचा आणि कोरफडीचा गर बोटाला लावून एकेक बट मुळाशी पीळ देत जायचा. दोन-दोन तास. तोंडानं गोष्टी चाललेल्या. तुझ्या पणजीच्या गावात बाईचे केस बघून कळायचं ती कुठल्या घरची, लग्नाची आहे का, घरात कुणी गेलंय का. आणि आपल्या माणसांना साखळदंड घालून जहाजात कोंबलं ना, तेव्हा आधी त्यांची डोकी भादरली, म्हणजे कोण कुठलं हे कुणाला ओळखूच येऊ नये. पुढं मिशनच्या शाळा आल्या, त्यांनीही डोकी भादरायला लावली, स्वच्छतेच्या नावाखाली. माझ्या बहिणीला शाळेत जायच्या आदल्या दिवशी केस उतरवावे लागले, ती चार दिवस जेवली नाही. तुझे नाही कुणी उतरवणार, मी बघतोच. असं सगळं सांगायचा. इथल्या शाळेनं केसांबद्दल चिठ्ठी पाठवली, तर चार पानी पत्र लिहिलं त्यानं, आणि मागं बांधून यायच्या अटीवर परवानगी मिळवली.

सुचित्राबाईंनीही तेव्हा त्याच्याशी वाद घातला होता, गोडीगुलाबीनं. म्हणाल्या, मी तिकडं बायकांच्या जटा सोडवते आणि तू इथं लेकीच्या वळतोयस. त्यावर फेमी हसला नव्हता. "आई, तुम्ही कापता ते त्या बायकांच्या डोक्यावर दुसऱ्यांनी ठेवलेलं ओझं आहे," तो म्हणाला होता. "हे ओझं नाही. हे आमच्याकडून काढून घेतलेलं आहे, ते परत आणलंय. दिसायला सारखं दिसतं, एवढंच." सुचित्राबाईंनी मान डोलावली. जावई आहे, कशाला ताणायचं, असा हिशेब.

फेमी गेल्यावर रविवारचं काम उल्कानं उचललं. बटा आता कमरेपर्यंत आल्या होत्या. केस वाढतात ते मुळाशी, म्हणजे वरचं वीतभर उल्काच्या हातचं आणि खालचं सगळं फेमीच्या. त्यानं शेवटचा पीळ दिला होता तिथं उल्कानं एका बटेला निळा दोरा बांधून ठेवला होता. गार्गी टीव्ही बघताना तो दोरा बोटाशी घोळवत बसायची. सुचित्राबाईंना कुणी काही सांगितलं नाही असं नव्हतं. आल्या आल्या तिसऱ्या दिवशी उल्कानं स्वतः सांगितलं, दोरा दाखवून सांगितलं. सुचित्राबाईंचे डोळे भरूनही आले. पण डोळे भरून येणं वेगळं आणि कानात शिरणं वेगळं.

मग दिवाळी आली. खालच्या हॉलमध्ये आसपासच्या मराठी घरांचा फराळ होता. टॅम्पिनीसहून, कुठून कुठून लोक आले होते. गार्गी परकर-पोलकं घालून चिवडा वाटत फिरत होती. एका बाईंनी सुचित्राबाईंना बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, नातीला जट आलीय का हो? तुम्हीच ना त्या, पेपरात फोटो आला होता? सुचित्राबाईंना भर हॉलमध्ये कुणी मुस्काटात मारावी तसं झालं. त्या काहीबाही बोलल्या, आफ्रिकेकडची फॅशन आहे वगैरे. घरी आल्या तर फोनवर रवींद्रचा निरोप. उल्कानं दिवाळीचा फोटो टाकला होता, तो त्यानं बघितला होता. ताई, आता घरचंच शिबिर घ्या, असं लिहून खाली हसणारी तीन तोंडं. डिसेंबरात पुण्यात ताईंचा सत्कार ठरला होता, त्याची पत्रिकाही त्यानं सोबत जोडली होती.

गमतीत लिहिलं होतं हो त्यानं. पण बाईंना ते रात्रभर टोचलं.

पुढच्या रविवारी आणखी एक झालं. फेमीची आई, गार्गी जिला इया म्हणते, ती दर रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल करायची. तिकडं नायजेरियात तेव्हा सकाळ असते, म्हातारी चर्चला जायच्या तयारीत डोक्याला भला मोठा रुमाल गुंडाळून बसलेली असते. त्या दिवशी ती बोलता बोलता म्हणाली की ही पोर जन्मली तीच डोक्यावर गाठी घेऊन, आमच्याकडे अशा मुलाचे केस देवाकडूनच आलेले असतात. झालं. सुचित्राबाईंचे कान टवकारले. देवाकडून आलेले केस. हेच वाक्य, अगदी हेच, त्या तीस वर्षं तोंडाला फेस येईपर्यंत खोडत आल्या होत्या. त्यांच्या मनातली सगळी चलबिचल एका क्षणात शांत झाली. आता हा लोकांना काय वाटेल याचा प्रश्न उरलाच नव्हता, अंधश्रद्धेचा झाला होता, आणि अंधश्रद्धेचं काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

पहिली बैठक सोमवारी झाली, शाळा सुटल्यावर. सुचित्राबाईंनी खाली कॉफी शॉपमध्ये नेऊन गार्गीला मायलो पाजलं, नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट खाऊ घातला. शाळा, मैत्रिणी, आवडती बाई कोण, नावडती कोण. पोर खुलली. आजीला एवढा वेळ असतो हेच तिला नवीन होतं. आई बिचारी लॅब आणि घर यात पिळून निघालेली.

दुसरी बैठक बुधवारी. सुचित्राबाईंनी तिलाच बोलतं केलं. आणि बोललीच ती. शाळेत पोहायचे तास सुरू झाले होते. पोहायची टोपी तिच्या डोक्यात बसतच नाही, बटा बाहेर येतात, सर म्हणतात बाजूला बस. दोन तास ती बाकावर बसून राहिली होती. वर्गात मागच्या बाकावरची मुलगी सारखी केसांना हात लावते, विचारतसुद्धा नाही. मम्माला सांगितलं नाही, कारण मम्मा मग शाळेत जाऊन रडते. आता खरं म्हणजे मोठी टोपी मिळते. थोडी शोधाशोध केली असती तर मिळाली असती. पण सुचित्राबाई टोपी शोधायला बसल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, मग हलकं वाटेल असं काही करायचं का आपण?

गार्गीनं दोरा बोटाशी धरला. "पण आजी, हे बाबानं केलंय," ती म्हणाली. "हे खालचं."

प्रत्येक जटेमागं अशी एक गोष्ट असतेच. कुणाला स्वप्नात देवी आलेली, कुणाच्या सासूनं शपथ घातलेली, कुणाचं मूल गेलेलं. गोष्ट ऐकायची, मान हलवायची आणि हळूच बाजूला सारायची, हे बाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी नातीला जवळ घेतलं. "बाबा केसांत नसतो राणी. बाबा मनात असतो." वाक्य छान होतं. गार्गीनं दोरा बोटातून सोडून दिला.

तिसरी बैठक शनिवारी सकाळी. उल्का लॅबमध्ये वाढवते त्या पेशींना सुट्टी कळत नाही, म्हणून ती आठलाच लॅबला गेली होती. जाताना म्हणाली, दोनपर्यंत येते, मग सगळे मिळून बाहेर जेवू. दार लागलं आणि सुचित्राबाईंनी गार्गीला समोर बसवलं. पोर घुटमळत होती. मम्मा ओरडेल, म्हणाली. आणि सुचित्राबाईंनी ते वाक्य उच्चारलं, फक्त देवीच्या जागी आई घालून. "आई रागावली तर माझ्यावर रागावेल. तुझ्यावर काही येणार नाही. सगळं माझ्यावर."

गार्गीनं थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. खालून एलआरटीची छोटी गाडी गेली. "ओके लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "आजी, पेन होणार नाही ना?"

नाही झालं पेन. त्यांचा हात कसलेला होता. जमिनीवर मॉलच्या जाहिरातींचे कागद अंथरले, पोरीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि कात्री चालू झाली. बटा घट्ट होत्या, जोर लावावा लागत होता. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती तिथंच दाबून टाकली. वास नव्हता. मळ नव्हता, ऊ नव्हती, कुबट असं काही नव्हतं. एकशे सदतीस डोक्यांत असं एकही निघालं नव्हतं. बटांना कोरफडीचा आणि खोबरेलाचा मंद वास होता आणि प्रत्येक बट एकसारखी वळलेली होती. कुणीतरी जीव लावून वळलेली. हे त्यांच्या हातांना कळलं. हातांचं ऐकायची बाईंना सवय नव्हती.

निळ्या दोऱ्याची बट राहिली तेव्हा गार्गीनं ती मुठीत धरली. "ही नको. ही एक ठेवू या ना."

हेसुद्धा सगळ्या बायका म्हणतात. एक ठेवू द्या ताई, एवढीशी. आणि एक ठेवली की वर्षभरात पुन्हा सगळ्या उगवतात, हा संघटनेचा अनुभव. सुचित्राबाईंनी हळूच एकेक बोट सोडवलं आणि ती बटही कापली. मग शेवटचा नियम. फ्लॅटमध्ये चूल कुठली, आणि काही जाळलं तर छताचं धुराचं यंत्र बोंबलायचं. पण स्वयंपाकघराच्या भिंतीत कचरा टाकायची लोखंडी झडप होती, तिथून टाकलेलं अकरा मजले खाली कचऱ्याच्या डब्यात जातं. त्यांनी झडप उघडून धरली आणि नातीला म्हणाल्या, टाक, तुझ्या हातानं टाक, म्हणजे मोकळी होशील. गार्गीनं एकेक बट आत सोडली. शेवटची तिच्यानं सुटेना. सुचित्राबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थांबल्या. थांबायचं कसं हे त्यांना येत होतं. पोरीनं हात झडपेत घातला आणि रिकामा बाहेर काढला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिबिरात वाजवतात तशा.

मग तिला न्हाऊ घातलं, फोटो काढला आणि रवींद्रला पाठवला. खाली लिहिलं, एकशे अडतीस.

उल्का पावणेदोनला आली. गार्गी सोफ्यावर बसून होती, दोन्ही हात डोक्यावर, थंडी वाजणाऱ्या माणसासारखी. उल्का ओरडली नाही. सुचित्राबाईंनी मनातल्या मनात रडारडीची, भांडणाची, सगळ्याची तयारी केली होती, पण तिनं एवढंच विचारलं, "कुठायत?" गार्गीनं स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. उल्कानं झडपेकडं बघितलं आणि ती तशीच, पायात चप्पलसुद्धा न घालता, लिफ्टकडं पळाली. सुचित्राबाई मागोमाग दुसऱ्या लिफ्टनं उतरल्या. तळमजल्यावर कचऱ्याच्या खोलीचं दार उघडं होतं. सफाई करणारा बांगलादेशी माणूस हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा होता आणि उल्का धुतलेल्या रिकाम्या डब्यात वाकून बघत होती. तो माणूस हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होता की दीदी, गाडी अकरालाच गेली, आता काही नाही, काय हरवलं, सोनं होतं का? इथं कचरा थेट भट्टीत जातो हे उल्काला माहीत होतं. ती ओल्या फरशीवर बसली.

सुचित्राबाई म्हणाल्या, अगं ऊठ, लोक बघतायत. केस आहेत, वाढतील.

वर आल्यावर उल्का बोलली. आवाज अजिबात न चढवता बोलली, तेच वाईट होतं. "आई, तू भाषणात सांगायचीस ना, तुझ्या आजीची आत्या, अकराव्या वर्षी विधवा झाली, न्हावी बोलावून तिचं डोकं केलं. सांगताना दर वेळी रडायचीस. मीही रडायचे. तू काय केलंस कळतंय का तुला? नवरा माझा गेला. डोकं तू माझ्या मुलीचं केलंस."

हा घाव वर्मी बसला. आणि घाव बसला की माणूस खरं बोलतोच असं नाही. सुचित्राबाई ताठ झाल्या. त्या विधवेला कुणी विचारलं नव्हतं, त्या म्हणाल्या. "मी विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. आजपर्यंत लावली नाही. विचार तिला."

दोघींनी गार्गीकडं बघितलं. आईनंही आणि आजीनंही. पोर सोफ्यावरून उठून उभी राहिली, वर्गात उभं राहतात तशी. "आय सेड ओके, मम्मा," ती म्हणाली. "आजीनं विचारलं होतं."

सुचित्राबाईंना सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच सांगायला हवं. लाज वाटायला हवी होती, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

उल्कानं त्या संध्याकाळी त्यांचं तिकीट बदललं, मंगळवारचं घेतलं. तिनं ताट वाढलं, गोळ्या काढून दिल्या, सगळं केलं, आईशी शब्द बोलली नाही. गार्गी डोक्याला कुणाला हात लावू देईना. आईलाही नाही. न्हायलाही आतून कडी लावून घेतली. रविवारी सकाळी उल्का सवयीनं कोरफडीची बाटली घेऊन बाहेर आली, क्षणभर उभी राहिली आणि परत आत गेली. सुचित्राबाईंनी ते बघितलं. दर रविवारचे ते दोन तास म्हणजे काय होतं, ते त्यांना आत्ता समजलं, आणि आत्ता समजून काही उपयोग नव्हता. त्या सकाळभर खोलीत बसून राहिल्या. कबूल करायचं, त्यांनी ठरवलं. चारला फोन येईल, विहीणबाई शिव्याशाप देतील, देवाचा कोप काढतील, तो मान खाली घालून ऐकायचा आणि म्हणायचं, हे मी केलं. इंग्रजीत वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

चारला फोन वाजला. उल्कानं तो टेबलावर उभा केला आणि गार्गीला पुढ्यात बसवलं. इया पडद्यावर आली, डोक्याला निळा रुमाल. तिनं नातीला नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, जवळ ये, अजून जवळ. वा, तुझ्या बापाचं कपाळ. इतके दिवस झाकलं होतं ग, आज दिसलं.

सुचित्राबाईंना वाटलं, आता शाप येईल. तो आलाच नाही. इया शांतपणे बोलत राहिली. अशा मुलांचे केस आमच्याकडे काही जन्मभर ठेवत नाहीत, ती म्हणाली, कापतातच की. एक दिवस ठरवायचा, घरचे सगळे जमतात, गाणी होतात, गोडधोड होतं, आणि केस आई ठेवते. तुम्ही आधी सांगितलं असतं तर मीही गायले असते इथून. पण असू दे. केस काय, येतील. "फक्त फेमीच्या हातचे ते तेवढे ठेवलेत ना जपून?"

उल्का वळून आईकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात रागसुद्धा नव्हता, नुसतं वाट पाहणं होतं.

तीस वर्षं सुचित्राबाईंनी गावच्या गाव अंगावर घेतलं होतं. इथं एक म्हातारी बाई, तीही हजारो मैलांवर, मऊ आवाजात विचारत होती, आणि सांगायचं होतं ते वाक्य तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते वेगळंच, आणि शाळेतल्या बाईंच्या स्वच्छ इंग्रजीत आलं.

"तिनंच टाकले," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं टाकले तिनं."

त्यात खोटं काही नव्हतं. उल्कानं डोळे मिटून घेतले.

गार्गीनं डोक्यावरचे हात खाली घेतले आणि पडद्याच्या जवळ तोंड नेलं. "सॉरी, इया," ती म्हणाली. "मी टाकले. माझीच चूक आहे."

सुचित्राबाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.